धानोऱ्यातली एलियाहूची खुर्ची

रेवदंड्याहून निघताना बायकोने बजावले होते, "वाटेत कुणाला शिकवत बसू नका. तिकडे दिना डोळ्यांत प्राण आणून वाट बघत असेल." मी म्हटले, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" तीस वर्षांच्या संसारात तिला माझी पुरती ओळख पटलेली आहे.

आम्ही बेने इस्राएल. कोकणात आम्हाला 'शनिवार तेली' म्हणतात, कारण आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बैल सोडून स्वस्थ बसत. मी पोटासाठी शाळेत इतिहास शिकवतो, पण वडिलांकडून आणखी एक विद्या माझ्याकडे आली आहे. आमच्यात मुलगा जन्मला की आठव्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, त्याची सुंता करून नाव ठेवायचे असते. ते करणारा मोहेल मी. दिना माझी भाची. तिचा नवरा एझरा रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर आहे आणि त्याची बदली चांदा जिल्ह्यात धानोऱ्याला झालेली. पहिल्या खेपेला तिला मुलगा झाला तो भर पावसाळ्यात. नाल्यांना पूर, तार पोचायलाच उशीर. पोर नाव न ठेवताच गेले. या वेळच्या तारेत तिने लिहिले होते, 'मुलगा झाला. मामा, नक्की या.'

आता अशा कामाला निघालेल्या माणसाने पिशवीत काय घ्यावे? मी हत्यारांची डबी घेतली, प्रार्थनेचे पुस्तक घेतले, आणि इस्राएलच्या हरवलेल्या दहा वंशांवरची पाच जाडजूड पुस्तकेही घेतली. हजारो वर्षांपूर्वी शत्रूने देशोधडीला लावलेले हे वंश शोधण्याचा मला नाद आहे. कुठेही नवा मुलूख दिसला की मला वाटते, असतील इथेच कुठेतरी. चांद्याच्या जंगलात ते सापडतील अशी मला का आशा वाटावी, देव जाणे.

नागपूरहून नागभीडला जाणारी गाडी लहान, रुळांचे अंतर हातभर आणि चाल सासरी निघालेल्या मुलीची. दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेते, मध्येच मोहाचे एखादे झाड. शेजारच्या म्हाताऱ्याने माझी टोपी न्याहाळून विचारले, "मुसलमान होय का जी?" मी नाही म्हटले. "मंग किरिस्ताव?" तेही नाही म्हटल्यावर त्याने विचार करणे सोडून दिले आणि मला मूठभर भाजलेले शेंगदाणे दिले. मी मात्र नागभीड येईपर्यंत त्याला मोशेपासून सगळा इतिहास ऐकवला. तो उतरताना म्हणाला, "लय दुरून आलेत बापा तुमी."

नागभीडला रात्र स्टेशनवरच काढली. शुक्रवारी, म्हणजे नेमक्या आठव्या दिवशी, सकाळची मोटार धानोऱ्याकडे जाणार होती. तिला थोडा अवकाश होता म्हणून स्टँडसमोरच्या खानावळीत शिरलो. भात, लाखोळीची डाळ आणि माशाचे कालवण समोर आले. आमच्यात खवले नसलेला मासा चालत नाही, म्हणून मी मालकाला विचारले, "मासा कोणता?"

"मागूर जी."

"त्याला खवले असतात का?"

"खवले काऊन पाह्यजे? असले तरी काढूनच टाकतेत ना! खाऊन पाहा, कसा लोण्यावानी हाये."

मी वाटी बाजूला सारली. पाहतो तर समोरच्या बाकावरच्या माणसानेही आपली वाटी बाजूला सारलेली. उंच, सडपातळ, काळाभोर, कुरळ्या केसांचा तरुण. अंगात खाकी कपडे. आता मी रेवदंड्याचा. आमच्या खाडीपलीकडे जंजिरा, तिथे सिद्दी नवाबांचे राज्य होते. त्यामुळे असा चेहरा दिसला की आम्हा लोकांना एकच गाव आठवते. मी आनंदाने हाक मारली, "काय खानसाहेब, मुरूडहून का?"

तो इंग्रजीत म्हणाला, "मी तेस्फाये. इथिओपियाहून आलोय."

इथिओपिया! माझ्या अंगात वारेच शिरले. पाचातली दोन पुस्तके त्याच देशाबद्दल होती. हा वनविद्या शिकायला भारतात आला होता आणि सागवानाची जंगले पाहायला हिंडत होता, एवढे त्याने सांगितले. पुढे बोलायला मी त्याला जागाच ठेवली नाही. शबाची राणी शलमोन राजाला भेटायला यरुशलेमला कशी गेली, तिला त्याच्यापासून मुलगा कसा झाला, त्या मुलाने कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञा ठेवलेली पेटी, आपल्या देशी कसा नेला, हे सगळे मी त्याला हातवारे करून सांगितले. तो डाळभात खात शांतपणे ऐकत होता. मी तिकडचे डोंगर कसे असतील तेही त्याला समजावले. इतक्यात बाहेर भोंगा वाजला, आणि मी कराराच्या कोशापाशी असताना मोटार निघून गेली.

मी धावलो. धोतराचा सोगा पायात आला आणि धुळीत साष्टांग नमस्कार घडला. खानावळीचा मालक दारातून ओरडला, "आता उद्याच भेटन जी दुसरी!"

माझे डोके बधिर झाले. तेस्फायेने मला उठवले आणि कुठे निघालो होतो ते विचारले. मी सांगितले: भाचीचे मूल, सुंता, आज आठवा दिवस.

त्याचा चेहराच बदलला. "आज आठवा? आणि तुम्ही मला माझ्याच राणीची गोष्ट सांगत बसलात?" त्याने माझी पिशवी उचलली. वनखात्याची जीप त्याला गडचिरोलीपर्यंत नेणार होती. तो ड्रायव्हरला म्हणाला, "धानोरा. सूरज डूबने से पहले."

ड्रायव्हर शंकरभाऊ, ब्रह्मपुरीकडचा. "एवढी काऊन घाई करून राह्यले साहेब?" त्याने मला विचारले. मी कारण सांगितले. पहिले मूल गेल्याचेही सांगितले. त्यावर त्याने जीप अशी हाणली की माझ्या पुस्तकांचे गठ्ठे माझ्याच डोक्यात येऊ लागले. ज्ञानाचा एवढा मारा मी आयुष्यात सोसला नव्हता.

वैनगंगेच्या वाळूत बांबूचे तट्टे टाकून वाट केली होती. तरी चाक रुतले. शंकरभाऊ, तेस्फाये आणि मी ढकलत होतो. म्हणजे ते दोघे ढकलत होते आणि मी देवाचा धावा करत होतो. गडचिरोली मागे पडली तसे जंगल दाट झाले. थोडा धीर आल्यावर माझ्या नादाने पुन्हा उचल खाल्ली. मी तेस्फायेची परीक्षाच सुरू केली.

"डुक्कर खाता?"

"छे."

"जनावराच्या मांडीची शीर? आमच्यात ती निषिद्ध."

"ती काढल्याशिवाय मांस शिजवत नाही."

"सुंता?"

"आठव्या दिवशी. म्हणून तर मघाशी तुमच्यावर रागावलो."

"शनिवार?"

"पाळतो."

माझा आनंद गगनात मावेना. सापडला! हरवलेला वंश मला नागभीडच्या खानावळीत सापडला! मी त्याचा हात धरून म्हणालो, "म्हणजे तुम्ही यहुदीच की!"

"नाही. मी ख्रिस्ती," तो म्हणाला. "आमच्याकडे हे सगळे फार जुने आहे. तुमच्या धर्माचे लोकही आहेत आमच्या डोंगरात. लोहारकी करतात, मडकी घडवतात. गावापासून वेगळे राहतात." मग त्याने सहज विचारले, "तुम्ही परत कधी निघणार?"

"उद्या सकाळच्या मोटारीने. सोमवारी शाळा आहे."

"उद्या? शनिवारी?"

शंकरभाऊला इंग्रजी कळत नव्हते, हे त्यातल्या त्यात बरे. नावाचा शनिवार तेली मी, आणि शनिवारची आठवण मला या परमुलखातल्या ख्रिस्ती पोराने करून द्यावी! मी पुढचे मैलभर सागाची झाडे मोजल्याचे नाटक केले.

धानोऱ्यात शिरलो तेव्हा ऊन सागाच्या शेंड्यांवर गेले होते. दिना ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. मला पाहून ती हसली नाही की रडली नाही. नुसती म्हणाली, "आलात मामा," आणि मटकन खाली बसली. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला माझी सगळी पुस्तके वैनगंगेत टाकून द्यावीशी वाटली.

हातपाय धुऊन मी आत आलो. दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीवर बसून बाप मुलाला मांडीवर घेणार होता. दुसरीवर दिनाने आपला लग्नातला शालू पसरला होता. ती एलियाहू हन्नाबीची. आमचा हा पैगंबर प्रत्येक सुंतेला येतो अशी श्रद्धा. त्याची खुर्ची मांडायची आणि रिकामी ठेवायची. मी हत्यारे काढायला वाकलो. मान वर करून पाहतो तर दिवसभर जीप ढकलून दमलेला तेस्फाये त्या शालूवर ऐसपैस बसलेला!

"अहो, उठा, उठा!" मी किंचाळलो. तो गोंधळून उठू लागला.

"बसू द्या, मामा," दिना म्हणाली.

"अगं, ती एलियाहूची—"

"माहीत आहे. तुम्हाला इथवर कुणी आणलं?"

शेजारची रुखमाबाई दारातून म्हणाली, "देवाच्या खुर्चीत बसला तं बसू द्या ना जी. त्याले का मालूम होतं?"

मी एझराकडे वळून म्हणालो, "घे मुलाला." एझराने हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. पहिल्या मुलाला याच हातांनी त्याने मातीत ठेवले होते. "मामा, मले नाई जमत," तो म्हणाला. तीन वर्षांत त्याच्या तोंडी तिथली बोली बसली होती. बाहेर ऊन विझत होते. जिल्ह्यात आमचा दुसरा माणूस नव्हता.

दिनाने मुलाला उचलले आणि तेस्फायेच्या मांडीवर ठेवले. त्याने न सांगता दोन्ही पाय कसे धरायचे तसे धरले. "माझ्या दोन्ही भावांच्या वेळी मीच धरले होते," तो म्हणाला. रीत काय, नियम काय, यावर एरवी मी तासभर वाद घातला असता. पण पाते हातात घेतले आणि मला एकही हरकत सुचली नाही. मी प्रार्थना म्हटली. मूल रडले, चांगले खणखणीत रडले, आणि मी त्याचे नाव मोठ्याने पुकारले: एलियाहू. दिना तेव्हा रडली.

मग मलिदा झाला: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, आणि वेलचीच्या जोडीला रुखमाबाईने आणलेली जंगलातली चारोळी. तेस्फायेने खोबरे टाळले नाही, पोहे टाळले नाहीत. शुक्रवारी आमच्यात मांसमासे वर्ज्य, पण तो उपास याने मोडत नाही म्हणाला आणि तीनदा मागून घेतले. शनिवारी आम्ही दोघेही कुठे गेलो नाही. ओसरीवर बसून राहिलो. तो त्याच्या गावाबद्दल बोलला आणि मी ऐकले. यावर घरी कुणी विश्वास ठेवत नाही.

परतताना नागभीडच्या गाडीत एकाने विचारले, "तुमी कोन होय जी?" माझ्या पिशवीत पाचही पुस्तके होती. मी म्हटले, "भाचीकडे गेलो होतो. नातवाचं नाव ठेवलं."

हरवलेले दहा वंश अजून सापडलेले नाहीत. मोहेलचे काम मात्र चालू आहे. कुठे एलियाहूची खुर्ची मांडली की लोक माझ्या सुरुवातीची वाट पाहतात, आणि मी आधी दारापर्यंत जाऊन येतो. बाहेर कुणी दमलेला उभा असेल तर त्याला आत बोलावतो.