झटका काढलेलं झटका मशीन

दारव्ह्याच्या भगवानरावांना दोनच गोष्टींचा अभिमान होता, आपल्या मिशांचा आणि आपल्या झटका मशीनचा. मिशा देवाने दिलेल्या, मशीन मात्र त्यांनी स्वतः घरी बनवलेलं, म्हणून त्याचा अंमळ जास्तच. शेताभोवती तार ओढायची, मशीन जोडायचं, की रानडुक्कर तारेला नाक लावून आल्या पावली परत!

मशीन पास की नापास, हे ठरवायची रीतही घरचीच होती. गिऱ्हाइकाने तारेला बोट लावायचं. तो नुसता "अरे" म्हणाला तर मशीन कच्चं. "बाप्पा!" म्हणाला तर पास. "बाप्पा बाप्पा बाप्पा" करत चप्पल टाकून पळाला, तर भगवानराव त्या दिवशी घरी जिलेबी न्यायचे. पहिलं बोट अर्थात त्यांच्या बायकोचं, इंदूबाईंचं. "माह्या बोटाले विचारल्याबिगर या माणसाचं एक मशीन बाहेर गेलं नाही," असं त्या शेजारणींना सांगायच्या. ही तक्रार होती की मोठेपणा, ते शेजारणींना कधी कळलं नाही.

पण भगवानरावांचा जीव अडकला होता तो दुसरीकडेच. आपलं मशीन दुकानाच्या काचेत दिसावं आणि खोक्यावर आपलं नाव असावं, एवढंच त्यांना हवं होतं. बाजारातल्या कृषी केंद्राचे मालक शंकरसिंग मान हलवून म्हणाले, "भाऊ, मशीन मस्त हाय. पण सुरक्षेचं सर्टिफिकेट आणा. घरी बनवलेला करंटचा माल मले तसाच विकता येत नाही."

भगवानराव विचारात पडले. सुरक्षित म्हणजे काय, तर ज्याचा झटका बसत नाही ते. इस्त्री असो की मिक्सर, झटका बसला की नापास. मग झटका मशीनला पास करणार कोण? इथेच त्यांनी अकलेचे तारे तोडले. मशीन उघडलं आणि त्यातला झटकाच काढून टाकला.

इंदूबाईंनी बोट लावून पाहिलं. "अवो, काहीच नाही लागून राह्यलं!"

"तेच तं पाह्यजे!" म्हणत भगवानराव मशीन बगलेत मारून नागपूरच्या एसटीत बसले.

तपासणीच्या प्रयोगशाळेत उज्ज्वला मॅडम होत्या. त्यांनी मीटर जोडला, पण मीटर काही दाखवेना. "काका, बंद आहे का हे?"

"चालू हाय मॅडम. झटका काढून टाकला. सुरक्षेसाठी."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची ओढून बसावं लागलं. "अहो, मग डुकरांनी काय मशीन बघून लाजून परत जायचं?" मग त्यांनी समजावलं, की झटका द्यायचाच, फक्त टिचकीसारखा. दोन झटक्यांच्या मध्ये मशीनने क्षणभर थांबायचं, म्हणजे हात काढून घेता येतो. "तुमचं आधीचं थांबायचं का?"

"थांबते कायले? कधी कधी तं धरलं का धरलं! मीच ओढून काढो इंदूले!" भगवानराव ऐटीत बोलून गेले आणि मग आपलंच बोलणं त्यांच्या कानावर पडलं. इंदूबाईंचं बोट डोळ्यांसमोर आलं. परतीच्या एसटीत त्यांनी मिशीला हातसुद्धा लावला नाही.

घरी येऊन त्यांनी मशीनला थांबायला शिकवलं. एकदा जमलं नाही, पुन्हा नागपूर. शेवटी सर्टिफिकेट मिळालं, मशीन काचेत गेलं, खोक्यावर नाव आलं, आणि नियमाप्रमाणे लाल अक्षरांत 'तारेला हात लावू नये' हेही आलं.

बाजाराच्या दिवशी भगवानराव दुकानातच उभे होते, तेवढ्यात मारोतराव नावाचे जुने गिऱ्हाईक आले आणि सवयीने मशीनच्या तारेकडे बोट पुढे करू लागले.

"हात नोको लावू!" भगवानराव असे काही ओरडले की अख्खं दुकान वळून पाहू लागलं.

मारोतरावांनी आदराने दोन पावलं मागे घेतली. "आजवर हा माणूस लोकाइले धरधरून बोट लावाले लावे. आता सोताच भेऊन राह्यला! म्हंजे यात लय जबर करंट हाय. मले दोन द्या."

"अरे, नाही रे! हे तं जुन्याहून गरीब हाय, लगेच सोडून देते!" भगवानराव जीव तोडून सांगू लागले. कोणी ऐकेल तर शपथ. संध्याकाळपर्यंत दुकानात एकही मशीन उरलं नाही.