छत्तीसची मोटर, अठ्ठेचाळीसची बॅटरी

आम्हा फुलवाल्यांत जागेचा कायदा सोपा आहे. पहाटे ज्याचं गोणपाट आधी अंथरलं, दिवसभर जागा त्याची. गंगापूर रोडच्या एका कोपऱ्यावर माझ्या सासूबाई वर्षानुवर्षं बसल्या, त्यांचे गुडघे गेल्यावर तिथे मी बसू लागले. मग घरच्या वाटण्या झाल्या, थोरल्या जाऊबाईंनी स्कूटर घेतली, आणि एका सकाळी पोचते तो माझ्या कोपऱ्यावर त्यांचं गोणपाट!

"उशीर झाला ना गं तुला," त्या म्हणाल्या. "आणि ही सायकल हाय का शिलाई मशीन? नुसती घरघर."

शेजारच्या बायका हसल्या. मी पुढे जाऊन गटाराच्या कडेला बसले. तोंडावर मी त्यांना अहो-जाहो करत होते, मनात मात्र नाही.

सायकल माझी विजेवरची. मळ्यातून निघाल्यावर एक चढ लागतो, तिथे फुलांच्या गोण्या घेऊन ती पार रडकुंडीला यायची. नेमकी तिथेच स्कूटर मागून यायची, हॉर्न देऊन पुढे जायची. रस्ता मोकळा असला तरी हॉर्न. तो हॉर्न माझ्या डोक्यात गेला होता.

माझा धाकटा भाऊ सटाण्याला विहिरीवरच्या जळलेल्या मोटरी भरून देतो, म्हणजे जुनी तार काढून नवी गुंडाळतो. मी त्याला म्हटलं, काहीही कर, पण मला चढावर स्कूटरच्या पुढे काढ.

"ताई, मोटर छत्तीस व्होल्टची हाय," तो म्हणाला. "अठ्ठेचाळीसची बॅटरी लावली तर लय पळंल. पण तापंल बी, आतली तार बारीक हाय. चढाला दमानं घे." त्याने मोठी बॅटरी लावली, तिला झेपेल असा कंट्रोलर बसवला आणि मान हलवत परत गेला.

आता खरं सांगते. मला पहाटे जरा आधी निघून जागा धरता आली असती. पण नुसती जागा मला नको होती. मी चढाच्या पायथ्याशी थांबून राहिले, स्कूटर दिसली तशी मूठ पूर्ण पिळली आणि अर्ध्या चढावर तिला मागे टाकलं. टाकताना घंटी वाजवली. जाऊबाईंचं तोंड असं झालं होतं की दिवसभर आठवून आठवून मी हसत होते.

मग रोज तेच. कोपरा माझा, गटार त्यांचं. चाकातली मोटर मात्र हात लावू नये इतकी तापायची. फुलं कोमेजू लागली की आम्ही काय करतो? ओलं गोणपाट टाकतो. मीही तेच केलं. निघण्याआधी माझं अंथरायचं गोणपाट भिजवायचं, मोटरभोवती आवळून बांधायचं. वरून ती गार लागे, आणि मला वाटे, भावाला काय कळतंय.

दसऱ्याच्या पहाटे झेंडूच्या गोण्या नेहमीच्या दुप्पट होत्या. पायथ्याशी थांबले, स्कूटर आली, मूठ पिळली. चढाच्या मध्यावर जळकट वास आला, मोटरने एक हिसका दिला आणि सगळं थंड. गोणपाटाचं पाणी, बॅटरीची वायर मोटरीत शिरते त्या भोकातून आत गेलं होतं आणि आतली तार करपली होती. सायकल ढकलू म्हटलं तर हलेना.

हॉर्न वाजला नाही. स्कूटर थांबली. जाऊबाई उतरल्या, माझ्या गोण्या उचलून आपल्या गोण्यांवर बांधल्या आणि म्हणाल्या, "बस मागं."

नाही म्हणायचं होतं. पण झेंडू दसऱ्यालाच विकला जातो. मी बसले.

कोपऱ्यावर त्यांनी गोणपाट अंथरलं. माझं करपून चाकाला चिकटलं होतं. "ये, अर्ध्यावर बस," त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की रस्त्यापलीकडच्या हारवालीने मान वर केली. माझ्याच जागेवर, त्यांच्या गोणपाटावर मी दिवसभर बसले. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणत होतं, जावा-जावा असाव्यात तर अशा. जाऊबाई हसत होत्या. हॉर्न मला परवडला असता.

संध्याकाळी सोनं द्यायला त्यांच्या घरी गेले. त्या थोरल्या, म्हणून आपट्याची पानं हातात ठेवून वाकले. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सुखी राहा. उद्या पण ये हो मागं बसून."

घरी पोचेपर्यंतही न थांबता, त्यांच्या अंगणातच उभी राहून मी सटाण्याला फोन लावला.

"मोटर पाठवतेय," भावाला म्हटलं. "या वेळी तार जाड भर."