पडद्याची मागची बाजू

परवा बाजारात कल्हईवाला दिसला. नवसागराचा धूर नाकात गेला आणि माझी नजर आधी त्याच्या हातांकडे गेली.

लहानपणी शहाद्याला तंबूतला सिनेमा आला होता, बँकेवरच्या दरोड्याचा. पुरुष पडद्यापुढे बसले, आम्ही बायका-मुली पडद्यामागे. घरी येताना सगळ्या बायकांचं एकच मत पडलं: तो डाव्या हातात पिस्तूल धरणारा माणूस पुन्हा डोळ्यांपुढे नको.

सकाळी दार वाजलं. आईने फटीतून पाहिलं आणि मला भिंतीशी ओढलं. बाहेर आमचे नेहमीचे कल्हईवाले चाचा आमची भांडी घेऊन आले होते. डाव्या हाताने कडी वाजवत होते.

"भाबी, दार उघाडा! भांडा लई उनू."

"डावखोऱ्या शे तो," आई पुटपुटली. तिने माझ्या तोंडावर तळवा दाबून धरला. चाचा भांडी पायरीवर ठेवून गेले, तरी तिने दार उघडलं नाही.

दुपारी वडील घरी आले आणि ऐकून हसले. "येडी, चोर उजव्या हातना व्हता. तुम्ही पडदाना मांगे बठेल व्हतात, तुमले उलटं दिसनं."

आई हसली नाही. उघड्या दारातून ती गल्लीतल्या माणसांचे हात बघत राहिली; सगळे उजव्या हाताचे. सकाळी एकाच माणसाला भिऊन भागलं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मी फक्त तिने पुन्हा कडी लावल्याचा आवाज ऐकला.