बायजाच्या गहाण पाटल्या

बायजाशी घासाघीस करून कुणी जिंकल्याचं खांदेश्वरात ऐकिवात नाही. स्टेशनमागच्या रस्त्याला एटीएमशेजारी ती टोपली मांडून बसते आणि पापलेटाचा भाव असा ठणकावून सांगते, की गिऱ्हाइकाला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. मग ती आपणहून खाली येते, पण तिला यायचं असतं तिथवरच. समोरची बाई निघून जाते, परत येते, मासे घेते आणि वर चार बोंबील फुकट मिळाले म्हणून खुशीत घरी जाते. त्या बोंबलांचे पैसे भावात आधीच धरलेले असतात, हे तिला कोण सांगणार?

याच घासाघिशीतून बायजाने स्वतःला सोन्याच्या दोन पाटल्या केल्या होत्या. नवरा जयदेव कंटेनर यार्डात रखवालीला होता, त्याच्या पगाराला तिने त्यासाठी हात लावला नाही. जासईच्या पलीकडे खाडीकाठी त्यांचं गाव. तिथे हळदीच्या मांडवात बाईच्या अंगावर काय आहे ते आधी बघतात, नवरी नंतर. वाईट आहे, पण आहे तसं आहे. आणि बायजाच्या लेकीची, भाग्यश्रीची, हळद पुढच्या माघात ठरली होती.

त्याच्या वर्षभर आधी, थंडीत एका पहाटे बायजा टोपली घेऊन टेम्पोत बसली होती. जासईच्या फाट्यावर टेम्पो उभा असताना मागून ट्रेलरने धडक दिली. जीव वाचला, मासे रस्ताभर झाले आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, आत धातूची पट्टी बसवावी लागेल. सुजायच्या आत हातातल्या पाटल्या काढल्या त्या जयदेवने संध्याकाळी उरणच्या सोनाराकडे नेऊन गहाण टाकल्या. पट्टीचे, औषधांचे, रोज व्यायामाला नेणाऱ्या रिक्षाचे पैसे त्यांतून गेले. बायजाची जागा तिच्या जावेने सांभाळली, म्हणजे गिऱ्हाइकं सांभाळली आणि नफा आपल्याकडे ठेवला. बायजा त्याबद्दल बोलत नाही, पण विसरलेलीही नाही.

शिमगा आला तोवर प्लास्टर निघालं होतं. होळी पेटली तशी बायजा घरात गेली. गळ्यात अडकवायची झोळी, उरलेली बँडेजं, एक्स-रे आणि हॉस्पिटलची सगळी बिलं असलेली पिशवी तिने उचलली आणि होळीत टाकली. दुखण्याचे कागद घरात राहिले तर दुखणं परत वाट शोधत येतं, असं तिची आई म्हणायची. ‘ने गो हावलूबाय, सगलं घेऊन जा,’ असं म्हणून तिने होळीला हात जोडले. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

त्या झोपेवर पाणी पडलं ते क्रांतीताईंमुळे. क्रांतीताई खांदेश्वरच्याच, पेशाने वकील, गुरुवार सोडून रोज मासे खाणाऱ्या. बायजा पुन्हा बसायला लागल्यावर त्यांनी विचारलं, “मावशी, क्लेम टाकला ना?”

“कसला?”

“अहो, ट्रेलरचा विमा असतो. तुमचा सगळा खर्च त्यांनी द्यायला हवा. पोलिसांत नोंद आहे ना?”

“हाय ना. पंचनामा केलाय.”

“मग झालं. उद्या हॉस्पिटलची फाईल घेऊन या.”

बायजाच्या हातातला कोयता थांबला. फाईल कुठे आहे हे सांगायला तिला जरा वेळ लागला. ऐकून क्रांतीताईंनी आधी कपाळावर हात मारला, मग त्यांना हसू आवरेना, मग पुन्हा कपाळावर हात. बायजा मात्र हसली नाही. पाटल्या सुटायचा रस्ता होता आणि तो आपण आपल्या हाताने जाळला, एवढंच तिला कळत होतं. घरी जाऊन तिने जयदेवला सांगितलं आणि जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी हॉस्पिटलात गेल्या. बिलांच्या खिडकीवर मनस्वी नावाची मुलगी होती. क्रांतीताई नाव, तारीख सांगायला लागल्या तोच तिने मान वर केली.

“या त्याच मावशी ना? दोन एक्स-रे काढले तर एकाचेच पैसे घ्या म्हणणाऱ्या?”

“मग? हात एकच व्हता,” बायजा म्हणाली.

मनस्वीने आतून दोन जणांना बोलावून आणलं, बघा कोण आलंय म्हणून. बायजाने तिथे सलाइनच्या बाटलीवरून वाद घातला होता, खाटेच्या भाड्यावरून घातला होता, आणि भूल अर्धीच चढली म्हणून अर्धेच पैसे देऊ केले होते. असा पेशंट कोण विसरतं? संध्याकाळपर्यंत सगळ्या बिलांच्या नकला सहीशिक्क्यानिशी हातात आल्या. औषधांच्या दुकानदाराने तर तिला लांबून बघितलं आणि आपणहून कॉम्प्युटर उघडला, कारण परत भांडणाची त्याची तयारी नव्हती. राहिला रिक्षावाला कुलदीप. त्याने पावती लिहून सही केली आणि म्हणाला, “मावशी, कोर्टात बोलवा. एवढ्या कमी भाड्यात मी कधी कुणाला नेलं नाही, जजसाहेबांना सांगतो.” बायजाच्या जिभेला आयुष्यभर नावं ठेवलेल्या जयदेवने त्या रात्री तिचं ताट स्वतः वाढलं.

क्रांतीताईंनी दावा टाकला आणि दिवाळीनंतर पनवेलच्या कोर्टात लोकअदालत भरली, तिथे तो आला. धंदा बुडाला त्याचा आकडा क्रांतीताईंनी विमा कंपनीच्या अधिकाऱ्याशी आधीच ठरवला होता. अडलं होतं ते खर्चापाशी. एक लाख अठरा हजार, असं बायजाने सांगितलं. अधिकारी शांत, सभ्य माणूस. त्याने कागद चाळले आणि म्हणाला, “सत्तर करून टाकू. आजच मिटेल.”

क्रांतीताईंनी बायजाकडे बघितलं. आता ही दीड लाखाला चढेल आणि मग उतरत येईल, असं त्यांना वाटलं. जयदेवलाही तेच वाटलं. तो बाकावर जरा सरसावून बसला.

बायजाने आवाज चढवला नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, “साहेब, मी भाव सांगितला असता तर दुप्पट सांगितला असता. तुमी निम्मा केला असता, नि आपन दोगंबी खुशीत घरी गेलो असतो. पन ह्यो भाव नाय. ह्यो खर्च हाय. घासाघीस करायची ती मी तवाच करून बसलीय, हॉस्पिटलात. त्यातनं आता काय निघायचं नाय.”

समोर बसलेल्या न्यायाधीश बाई बिलांवरून नजर फिरवत होत्या. एका कागदावर ‘सवलत’ म्हणून रक्कम कमी केलेली होती, दुसऱ्यावरही, तिसऱ्यावरही. त्यांनी ते कागद अधिकाऱ्यापुढे सरकवले आणि म्हणाल्या, “यांनी तुमच्या कंपनीचेच पैसे वाचवलेत, साहेब.” अधिकाऱ्याने पुन्हा एकदा बघितलं, हसला आणि पूर्ण आकड्याखाली सही केली. बाहेर आल्यावर बायजा कोर्टाच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. इतके महिने छातीवर बसलेला दगड उतरला होता. जयदेव शेजारी बसून राहिला.

पैसे खात्यात आले तशी ती उरणला गेली. सोनाराकडे मात्र तिचा जुना आवाज परत आला, आणि व्याजातले चार पैसे सोडून त्याने पाटल्या तिच्यापुढे ठेवल्या.

हळदीच्या दिवशी मांडवात बँड सुरू झाला तेव्हा बायजा आतल्या खोलीत खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसली होती. डाव्या हातात पाटली सहज गेली. उजवी मात्र पट्टीपाशी येऊन अडली, कारण ते मनगट थोडं वाकडंच सांधलं होतं. तिने जयदेवला हाक मारली. तो समोर उकिडवा बसला, तेल चोळलं, थोडी पुढे सरकवली आणि थांबला.

“दुखतंय काय गो?”

“दुखतंय. थांबू नको.”

त्याने तिची बोटं एकत्र आवळली आणि पाटली ढकलली. हाडावरून ती गेली आणि मनगटात येऊन बसली. बायजाने हात वर करून फिरवून बघितला, डोळे पुसले आणि म्हणाली, “आता ही निघायची नाय.”

“कशाला काढायचीय?” जयदेव म्हणाला.

बाहेर भाग्यश्री पाटावर बसून आईची वाट बघत होती. बायजाने बाहेर येऊन उजवा हात हळदीच्या वाटीत घातला आणि लेकीच्या गालाला पहिली हळद लावली.