चाँदभाईंनी अडवलेली यादी

कराडहून ट्रंक कॉल आला तेव्हा मी सांगलीच्या आमच्या विमा कचेरीत होतो. "चाँदभाई गेले," पलीकडून कोणीतरी म्हणालं आणि लाइन तुटली. मी रिसीव्हर कानाला तसाच धरून उभा राहिलो... त्याला आता सहा आठवडे होतील.

चाँदभाई मणेर कराडचे शिंपी आणि त्यांच्या जिल्ह्याच्या बुद्धिबळ संघटनेचे चिटणीस. कितीतरी रविवार मी एसटीने त्यांच्या दुकानात जाऊन हरून आलो आहे. मशीन थांबवून ते एक खेळी करत आणि मी विचार करेपर्यंत अर्धी बाही शिवून होई. त्यांच्याकडे खेळायला येणाऱ्यांत वडूजचा हणमंत होता. घरची जिरायत जमीन, थोरला भाऊ फौजेत, आणि हा बाजाराच्या दिवशी ज्वारी विकून झाली की पटावर बसायचा. जिल्ह्यात त्याला तोड नव्हती.

मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी हणमंतची पुण्याच्या निवड स्पर्धेसाठी निवड झाली. देशपातळीवरच्या महासंघाने तेव्हा प्रवास करणाऱ्या खेळाडूंचा सामूहिक विमा नुकताच उतरवला होता. अट एकच, खेळाडू निघण्याआधी त्याचं नाव जिल्ह्याकडून राज्य संघटनेकडे आणि तिथून महासंघाकडे गेलेलं असावं. पण स्पर्धेत कोणत्या जिल्ह्याला किती जागा, यावरून चाँदभाईंचं राज्याच्या चिटणीसांशी बिनसलं होतं. "आधी आमच्या जागा द्या, मग नावं घ्या," असं त्यांनी कळवलं आणि यादी दुकानातच ठेवली. खेळाडू थेट स्पर्धेला पाठवायचे आणि तिथेच जाब विचारायचा, असा त्यांचा बेत होता. "चाँदभाई, विम्यासाठी तरी यादी पाठवा," मी म्हटलं. "दोन दिवस थांबा वो, नमतील ते," ते म्हणाले. मी थांबलो. विम्याची नोकरी करणारा माणूस मी, आणि थांबलो...

पुण्याला जाताना घाटात खेळाडूंची जीप उलटली. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं. हणमंत जागीच गेला.

पुढे जे व्हायचं तेच झालं. विम्याची रक्कम मागितली, तर महासंघाने लिहिलं, नाव आमच्याकडे आलेलं नाही. राज्याने लिहिलं, जिल्ह्याने पाठवलं नाही. दोन्ही पत्रं खरी होती. चाँदभाईंनी ती खिशात घातली आणि मला म्हणाले, "चला वडूजला. तिला माझ्याच तोंडनं कळू दे."

हणमंतची बायको रखमा उंबऱ्याशी बसली होती, मांडीवर वर्षाची लेक. चाँदभाईंनी काही झाकलं नाही. भांडण सांगितलं, यादी सांगितली.  ती म्हणाली, "आवं भाऊ, त्यांचं नाव कागदावर लिवलं तरी व्हतं का?"

"व्हतं. पयलंच व्हतं."

"मग धाडलं का न्हाई?"

 येताना एसटीत चाँदभाई खिडकीकडे तोंड करून बसले होते. 

त्यानंतरच्या रविवारी पट मांडलाच गेला नाही. चाँदभाई पुण्याला गेले, ज्यांच्याशी वैर होतं त्याच चिटणीसांच्या दारात. मी बरोबर होतो. "चूक माझी हाय," ते उभ्याउभ्याच म्हणाले, "पण पुन्हा कुणाचं असं होऊ नये, म्हणून मला तुमची मदत पायजे." त्या गृहस्थांनी खुर्ची पुढे ओढली. "मीही एक पत्र टाकून नावं मागवू शकलो असतो," ते हळूच म्हणाले. दोघांनी मिळून महासंघाला लिहायला घेतलं, विम्याची कलमं मी समजावून दिली. दोन वर्षं पत्रं जात-येत राहिली. शेवटी नियम बदलला. जिल्ह्याने नावं थेट महासंघाला कळवली तरी चालतील, आणि संघटनांत कितीही वाद असला तरी विम्यासाठी खेळाडूचं नाव कोणी अडवायचं नाही. हणमंतसाठीही आम्ही अर्ज केला होता. मागच्या घटनेला नवा नियम लागू नाही, असं उत्तर आलं. ते वाचून चाँदभाई दुकान बंद करून घरी गेले.

या सगळ्या वर्षांत त्यांची छाती खराब होत गेली. खोकला लपवत, दम लागत नाही असं सांगत ते काम करत राहिले.

मातीला मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मात्र त्यांच्या घरी गेलो. आत बायकांत रखमा दिसली आणि मी चपापलो. चाँदभाईंच्या पत्नी जुबेदावहिनींनीच सांगितलं, दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी चाँदभाई वडूजला जाऊन तिच्या लेकीचं माप घेत आणि फ्रॉक शिवून देत. मला इतक्या वर्षांत त्यांनी हे कळू दिलं नव्हतं. रखमाला विचारलं, तर म्हणाली, "पयल्या वर्षी मी दारातनंच माघारी लावलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा आलं. मग काय बोलायचं त्या माणसाला?"

यंदाचा फ्रॉक त्यांनी कापून ठेवला होता, शिवायचा राहिला होता. वहिनी मशीनवर बसल्या होत्या. खालची कड दुमडताना त्या थांबल्या आणि कापड माझ्यापुढे धरलं. दुमडीला नेहमी दोन बोटं कापड सोडतात. चाँदभाईंनी चांगलं वीतभर सोडलं होतं. पोर वाढेल तशी शिवण उसवत गेलं, तर तीन-चार वर्षं फ्रॉक पुरला असता.

"त्यांना ठावं व्हतं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी मशीन सुरू केलं.