मनुबाईंकडे चूल पेटली नाही

विट्याजवळच्या आमच्या गावात कोणाकडेही माणूस गेलं की मनुबाई समाचाराला जाणारच. भावकीतल्या हरिबाशी बांधावरून कोर्टात केस चालू, बोलणंही बंद; पण हरिबाची आई गेली तेव्हा पिठलं-भाकरी घेऊन पहिल्या पोचल्या त्या याच. केस काही मागे घेतली नाही हं. केस वेगळी, दुःख वेगळं, असं त्यांचं गणित.

त्यांचे मालक भाऊसो म्हणजे तालमीचे वस्ताद. बहराम नावाचा इराणी मल्ल त्यांच्याकडे सरावाला होता आणि जेवायला मनुबाईंकडे. मराठीत त्याला 'आक्का' आणि 'लय भारी' एवढंच येई, पण तेवढ्यावर त्याचं मजेत भागायचं.

जूनमध्ये त्याच्या देशावर बॉम्ब पडू लागले. काही देशांनी मिळून निषेधाचं पत्रक काढलं, त्यातून आपल्या सरकारने अंग काढून घेतलं. इराणशी मैत्री जुनी, पण बॉम्ब टाकणाऱ्यांकडून शस्त्रं घ्यायची. कोणालाच दुखवायला नको. आमच्या तालमीचंही तेच चाललं होतं. तालमीला पक्कं छप्पर हवं होतं, आणि ते मंजूर करू शकणारे सत्तेतले एक पुढारी रविवारी भाऊसोंकडे जेवायला येणार होते.

शनिवारी संध्याकाळी बहरामला फोन आला. त्याचा भाऊ हल्ल्यात गेला होता. विमानं बंद, जाणार कसा? तो आखाड्याच्या मातीत नुसता बसून राहिला.

"पाव्हणं जाऊस्तवर ह्यातलं काय बोलू नगंस," भाऊसोंनी बायकोला बजावलं. "छपराचा सवाल हाय."

रविवारी पुढारी जेवायला बसले, तर ताटात पिठलं आणि भाकरी. तीही शेजारच्या परवीनने करून आणलेली. मटणाच्या आशेने सकाळपासून उपाशी राहिलेले आम्ही तालमीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागलो.

"आज चूल पेटवली न्हाई," मनुबाई म्हणाल्या. "घरात दुःख हाय. ह्याचा भाऊ गेला." बहरामला त्यांनी पुढाऱ्यांच्या शेजारीच बसवलं होतं.

भाऊसोंचा घास हातातच राहिला. पुढारी माणूस वाईट नव्हता. "वाईट झालं," ते म्हणाले, "पण मावशी, दिल्लीला चार बाजूंचा हिशोब बघावा लागतो."

"बघा की. तुमचा हिशोब बरोबरच असंल. पर समाचाराला जायाला कसला हिशोब?"

निघताना पुढारी बहरामचा हात दोन्ही हातांत धरून थोडा वेळ उभे राहिले. फोटो काढायला सरसावलेल्या कार्यकर्त्याला त्यांनी नजरेनेच थांबवलं. मटण हुकलं होतं, तरी मला मनुबाईंचा फार अभिमान वाटला.

छप्पर काही आलं नाही. तालीम जुन्या पत्र्याखालीच जोरात चालू आहे. तालमीच्या पुढच्या बैठकीत पंचांनी भाऊसोंना धारेवर धरलं, की एवढा माणूस घरी आला आणि तुम्ही छपराचा शब्दसुद्धा काढला नाही? आता बायकोच्या नावाने बोटं मोडणार, असं मला वाटलं.

"आवं, आमच्या घरात माणूस गेल्यालं," भाऊसो म्हणाले. "तवा छपराचं कुटं काढत बसायचं?"