खुर्चीचे पाय

माझ्या खोलीच्या दारावर 'व्यवसायोपचार विभाग' अशी पाटी होती, आणि ती वाचून पहिले काही महिने माणसं नोकरी मागायला यायची. एकदा बारावी झालेला एकजण सर्टिफिकेटांची पिशवी घेऊन तासभर बाहेर बसून राहिला होता. त्याला मी काय सांगणार? हातापायांत दोष असलेल्या माणसाला जेवणं, कपडे घालणं, लिहिणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून हा उपचार असतो, एवढं सांगितलं की समोरचा म्हणायचा, "म्हणजे मालिशच ना?" दवाखान्यातले डॉक्टरही चिठ्ठीवर तेच लिहून पाठवत.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी मुंबईत शिकून रत्नागिरीत आले होते. हा दवाखाना एका ट्रस्टचा होता आणि माझी खोली प्लास्टर घालायच्या खोलीला लागून होती. माझ्या माहितीत त्या अख्ख्या जिल्ह्यात हे काम करणारी मी एकटीच होते. एखाद्या मुलाचा हात का उघडत नाही, याचा विचार दिवसभर डोक्यात चालायचा, पण तो बोलून दाखवायला माणूस नव्हता. संध्याकाळी भाड्याच्या खोलीत डबा उघडायचा, रेडिओ लावायचा. रविवारी तर कधी कधी कुणाशी एक शब्दही बोलणं व्हायचं नाही. सोमवारी पहिल्या पेशंटला हाक मारताना आवाज घोगरा निघायचा.

अशाच एका सोमवारी एक बाई सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. आतल्या गावातली शेतकरी बाई, नवरा मुंबईला कामाला. जन्मताना मुलगी उशिरा रडली होती. अंग ताठ, मान मागे पडायची, लाळ गळायची, बोलणं कुणाला कळत नव्हतं. पण डोळे? ते माझ्या टेबलावरची एकेक वस्तू टिपत होते.

"बाय, शाळंत घेतील काय वो हिला?" आईने विचारलं. "गुरुजी म्हनतात, बसतच नाय तिला बसवू खंय?"

मी मुलीची मापं घेतली. एकदा नव्हे, तीनदा. बाजारातल्या सुतारमामांना कागदावर खुर्ची काढून दिली. दोन्ही बाजूंना आधार, पाय जवळ येऊ नयेत म्हणून गुडघ्यांच्या मधे खुंटी, समोर पाटीपुरती फळी. मामांनी फणसाच्या लाकडाची अशी काही खुर्ची केली की मी तिच्यावरून हात फिरवत राहिले. मुलगी तिच्यात सरळ बसली. आई बघत उभी राहिली आणि मग पदराने खुर्चीच पुसायला लागली.

त्यांच्या गावातल्या शाळेत पहिलीचा वर्ग एका शिक्षिका बाईंकडे होता. त्यांनी हेडमास्तरांना पटवलं आणि मुलीचं नाव पटावर चढलं. पंधरा दिवसांनी बाईंचं कार्ड आलं: "मुलगी छान बसते. पण एकदा येऊन बघाल का?"

मी गेले, कौतुक ऐकायच्या तयारीनेच. वर्गात तीसेक मुलं खाली चटयांवर बसली होती. मुलीची खुर्ची मागे, भिंतीला टेकून. पुढे ठेवली तर मागच्यांना फळा दिसत नव्हता. तिला सगळ्यांच्या डोक्यांचे शेंडे तेवढे दिसत होते. माझ्यादेखत तिची पाटी खाली पडली आणि कुणी मागे वळूनही पाहिलं नाही.

मधल्या सुट्टीत बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही तिला बसवलंत. पण आमच्यात नाही बसवलंत."

मला राग आला. "मापं नीट घेतलीत मी. तिला अशीच खुर्ची लागते," असं तोडून बोलले आणि चहा न घेता निघाले. एस.टी.त बसल्यावर मात्र ती भिंतीजवळची खुर्ची डोळ्यांपुढून हलेना. चार-पाच दिवस हलली नाही.

पुढच्या शनिवारी मी सुतारमामांना घेऊन शाळेत गेले. करवत बघून ते स्वतःच कळवळले. "ताई, इतका मजबूत पाय लावला, तो मीच कापू?" सगळेच पाय काढून चालणार नव्हतं. अगदी जमिनीवर बसवली असती तर गुडघ्यांमागच्या ताठ शिरांनी तिला मागे खेचलं असतं. म्हणून वीतभर उंची ठेवली. फळी खाली घेतली, खुंटी थोडी पुढे सरकवली. भुसा चटईवर पडला होता, तो मुलांनीच ओंजळीने भरून बाहेर टाकला.

खुर्ची दोन मुलींच्या मधे ठेवली. थोड्या वेळाने डावीकडच्या मुलीने आपल्या फ्रॉकच्या टोकाने तिची हनुवटी पुसली, कुणी न सांगता. आणि आमची मुलगी इतक्या मोठ्याने हसली की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहिले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "त्या दिवशी मी फार बोलले." त्या म्हणाल्या, "आज चहा घेऊन जा."

एक विरोध राहिला होता, आमच्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांचा. ते महिन्यातून दोनदा बाहेरून यायचे. मुलीला त्यांनी लोखंडी पट्ट्यांचे बूट दिले होते आणि खुर्चीवर त्यांचा विश्वास नव्हता. "बसायची सवय लागली की संपलं. ही उभी कधी राहणार?" मी त्यांना शाळेत चला म्हटलं तर हसले. पण एकदा बायकामुलांना घेऊन गणपतीपुळ्याला जाताना त्यांनी खरंच वाट वाकडी केली. चटईवर मांडी घालून बसले आणि अर्धा तास नुसते बघत राहिले.

"उभी कधी करता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"प्रार्थनेला सगळीच उभी राहतात," बाई म्हणाल्या. "तेव्हा बूट घालून तीही राहील. नंतर फळ्याला टेकून, पाढे होईपर्यंत."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "चालेल. त्यापेक्षा जास्त नको, दमली की हात आखडतो."

बाईंनी कॅलेंडरच्या पाठीवर वेळापत्रक लिहिलं. कधी उभी, कधी बसलेली, कधी जाड खडू हातात. त्या तासाभरात मी जितकं बोलले, तितकं मागच्या वर्षभरात बोलले नव्हते. डॉक्टरांची गाडी निघून गेली, बाई घरी गेल्या, आणि एस.टी.ची वाट बघताना माझ्या लक्षात आलं की उद्या रविवार आहे.

दोन वर्षं हे चाललं. मुलगी वाचायला लागली. लिहिणं मोठं, वेडंवाकडं, पण तिचं. मग बाईंची बदली दूर, नाटे गावाच्या बाजूला झाली. सुरुवातीला त्यांची पत्रं यायची, पुढे त्यांतलं अंतर वाढलं. डॉक्टरांनी आपल्या गावी दवाखाना काढला आणि इकडे येणं सोडलं. नवीन गुरुजी भले होते, पण माझ्या पत्रांना उत्तर देत नसत. मी पुन्हा माझ्या खोलीत, 'मालिश' लिहिलेल्या चिठ्ठ्यांपुढे.

मुलगी चौथी पास झाली आणि तिची शाळा तिथेच थांबली. हायस्कूल पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, चढावर. तिला रोज उचलून नेणार कोण? तिची काही सोय व्हावी म्हणून मी दोन-तीन ठिकाणी अर्ज केले. काही झालं नाही. ते मनाला आजही लागतं.

त्यानंतर एकदाच तिच्या घरी गेले. दुपारची वेळ. ती ओटीवर बसली होती आणि वाडीतल्या तीन बायका तिच्यापुढे. त्यांना मुंबईहून आलेली पत्रं ती वाचून दाखवत होती. मला तिचं बोलणं अर्धंच कळत होतं. त्या बायकांना मात्र एकेक शब्द कळत होता. एकीने तर मधेच थांबवून "तां परत वाच" म्हटलं.

बायका गेल्यावर तिने मला काहीतरी विचारलं. मला समजलं नाही. तिने पुन्हा विचारलं, मान ताणून, अंग ताठ करून. तिसऱ्यांदाही मला कळेना, तेव्हा आई चुलीपासून म्हणाली, "इचारतेय, तुमच्यासंगं घरात कोन ऱ्हातं?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

मुलीने मान माझ्याकडे वळवली. मग काहीतरी बोलली आणि आई हसली. "मग हितंच ऱ्हावा म्हनतेय."

मीही हसले. तिचा हात हातात घेऊन बोटं एकेक करून उघडली, ती पुन्हा हळूहळू मिटली. साडेचारची गाडी चुकली असती, म्हणून उठले.